पट्टा बांधण्याआधी जखम दाखवा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात अन्नपूर्णा रोडवर खड्ड्यात स्कूटर घसरून त्यांच्या उजव्या पायाची नडगी मोडली. दुसऱ्याच दिवशी रॉड घातला. पण दहा महिने झाले तरी हाड जुळले नाही, म्हणून सात आठवड्यांपूर्वी कमरेचे हाड काढून तिथे भरले आणि प्लेट बसवली. सहाव्या आठवड्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘ठीक आहे, थांबू या.’ आता ओळखीतल्या एकांनी चुंबकीय लहरींचा पट्टा सुचवला आहे आणि दवा बाजारात चौकशी केली तर तो भाड्याने मिळतो असे कळले. गल्लीतले फिजिओथेरपिस्ट म्हणतात, माझ्याकडच्या करंटच्या मशीननेही तेच काम होते. नणंदबाई चुंबकाची गादी पाठवते म्हणतात. पायात प्लेट आणि स्क्रू, त्यावर चुंबक, शिवाय घरात सासूबाईंना पेसमेकर, त्यामुळे जीव धास्तावला आहे. यजमानांची सिगारेट आता कमी झाली आहे, दिवसाला चार-पाच. टाक्यांच्या खालच्या टोकाला एका जागी अधूनमधून पाणी येते, पण दुखत नाही. या पट्ट्याने बसवलेले हाड लवकर जुळेल का?
– एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर

ताई,

तुमचा प्रश्न पट्ट्याचा आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे. परंतु त्याआधी तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या पाण्याच्या वाक्यापाशी मला थांबावेच लागेल. शस्त्रक्रियेला सात आठवडे झाल्यावर टाक्यांची जागा पूर्ण कोरडी असायला हवी. नडगीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथली ओल ही केवळ कातडीची तक्रार न राहता थेट प्लेटपर्यंत पोचणारी वाट असू शकते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून पू नाही, असे हाडाच्या बाबतीत समजू नये, कारण धातूच्या आधाराने राहणारा जंतुसंसर्ग महिनोन्महिने असाच गप्प बसून राहतो आणि पहिल्या शस्त्रक्रियेचे काम दहा महिन्यांत का फळले नाही, याचे कारणही कधीकधी तोच असतो. म्हणून ठरलेल्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना जखम दाखवा. ईएसआर आणि सीआरपी या अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या ते सांगतीलच, आणि गरज वाटल्यास आतला नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहायला, पाठवतील. तोपर्यंत मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक मात्र आणू नका. अर्धवट औषध पोटात गेले की कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि नेमके कोणते औषध द्यावे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

संसर्ग नाही असे नक्की झाले, तर पुढचे सगळे वाचा. संसर्ग निघाला, तर तो आटोक्यात येईपर्यंत कोणताही पट्टा बाजूला ठेवावा लागेल.

आता बसवलेल्या हाडाविषयी. कमरेच्या हाडाच्या काठावरून काढलेला भुसभुशीत भाग मोडलेल्या जागी भरला की तो कलम लावल्यासारखा लगेच जीव धरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या तुकड्यांतील बहुतेक पेशी रक्ताचा पुरवठा तुटल्यामुळे मरतात. पृष्ठभागावरच्या काही तेवढ्या तग धरतात. उरते ते एक सच्छिद्र मखर. पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत शेजारच्या जिवंत हाडातून आणि मांसातून बारीक रक्तवाहिन्या त्या छिद्रांत शिरतात, त्यांच्याबरोबर हाड खाणाऱ्या आणि हाड घडवणाऱ्या पेशी येतात, आणि जुने थोडे खात, नवे थोडे रचत त्या तो सगळा तुकडा हळूहळू बदलून टाकतात. इंग्रजीत या क्रियेला ‘क्रीपिंग सब्स्टिट्यूशन’ म्हणजे सरपटत होणारी अदलाबदल असे नाव आहे, आणि ते अगदी चपखल आहे, कारण ही क्रिया खरोखरच सरपटत चालते. भुसभुशीत हाडाच्या बाबतीत तिला महिने लागतात. टणक नळीसारखे हाड बसवले असेल तर वर्ष आणि त्याहूनही अधिक. नडगीचा खालचा भाग तर मुळातच रक्ताच्या बाबतीत गरीब. त्यामुळे सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत डॉक्टरांना अजून फारसे काही दिसले नाही, यात घाबरण्यासारखे मला काही दिसत नाही. ‘थांबू या’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही. त्या वेळी दुसरे प्रामाणिक उत्तर देता येतच नव्हते.

विजेचा संबंध कुठे येतो? तो इथे येतो: हाड स्वतःच वीज निर्माण करते. जपानमधील क्योतो येथील अस्थिशल्यविशारद इवाओ यासुदा यांनी सशाच्या मांडीच्या हाडात अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह तीन आठवडे सोडला, तेव्हा तारेच्या ऋण टोकाभोवती नवे हाड तयार झालेले त्यांना आढळले. पुढे १९५७ मध्ये त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ एइची फुकादा यांनी कोरड्या हाडावर दाब दिला असता त्यात विद्युतभार उत्पन्न होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत बॅसेट आणि बेकर यांनी याच दिशेने काम पुढे नेले. हाड वाकले की त्याची दाबली जाणारी बाजू ऋण होते आणि नवे हाड त्याच बाजूला अधिक साचते. जिवंत, ओल्या हाडात हा भार मुख्यतः त्याच्या बारीक नलिकांतून सरकणाऱ्या क्षारयुक्त द्रवामुळे येतो, असे आता मानले जाते. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला हा अगदी दुबळा संकेत हाडातल्या पेशींना मिळत असतो. जो पाय महिनोन्महिने खाटेवर पडून आहे, त्याला तो मिळत नाही. तेव्हा तो बाहेरून देता येईल का, हा विचार त्यातूनच आला.

तो देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवलेल्या हाडात ऋण टोकाची तार ठेवतात आणि एक छोटी बॅटरी जवळच्या मांसात कातडीखाली पुरतात. प्रवाह सुमारे २० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या वीस पट. त्याहून बराच वाढवला तर हाड घडण्याऐवजी भोवतालच्या पेशी मरतात. ऋण टोकापाशी प्राणवायूचा अंश घटतो आणि तिथले रसायन किंचित अल्कधर्मी होते, हे हाड घडवणाऱ्या पेशींना मानवते. हा मार्ग अधिक करून मणक्यांच्या शस्त्रक्रियेत वापरला जातो आणि काम झाल्यावर बॅटरी काढायला पुन्हा एक छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. तुमच्या यजमानांची शस्त्रक्रिया होऊन गेल्यामुळे तो प्रश्न आता उरलेला नाही. दुसऱ्यात कातडीवर समोरासमोर दोन चकत्या जेल लावून चिकटवतात आणि त्यांच्यामधून सेकंदाला ६०,००० आवर्तने करणारा, उलटसुलट दिशेचा क्षीण विद्युतदाब देतात. ते उपकरण जवळजवळ दिवसभर अंगावर ठेवायचे असते. तिसरा मार्ग म्हणजे तुम्हाला सुचवलेला पट्टा. त्यात तारेचे एक वेटोळे, म्हणजे कॉईल, असते. तिच्यातून ठोक्याठोक्याने प्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला वाढते-घटते, आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे अशा बदलत्या क्षेत्रामुळे हाडाच्या आत अतिशय मंद विद्युतक्षेत्र तयार होते. कातडीला काहीच जाणवत नाही; ना चटका, ना मुंग्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने न जुळलेल्या हाडांसाठी या प्रकारच्या उपकरणाला १९७९ मध्ये मान्यता दिली. पेशींच्या आतले कॅल्शियम या विद्युतक्षेत्राने वाढते आणि त्यातून पुढे हाड वाढवणारी प्रथिने अधिक बनतात, इतके प्रयोगशाळेत बऱ्यापैकी स्पष्ट झालेले आहे.

परंतु प्रयोगशाळेतली पेशी वेगळी आणि राजेंद्रनगरातला माणूस वेगळा, म्हणून रुग्णांवर काय दिसले ते मी तुम्हाला आकड्यांसकट सांगतो. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये वर्षभर न जुळलेल्या नडगीच्या सोळा रुग्णांना दोन गटांत विभागले. नऊ जणांना खरी कॉईल, सात जणांना दिसायला तशीच पण बंद कॉईल. सगळ्यांना प्लास्टर घातले आणि पायावर भार द्यायला मनाई केली. खऱ्या कॉईलच्या नऊपैकी पाच जणांचे हाड जुळले, आणि बंद कॉईलच्या सातपैकीही पाच जणांचे जुळले! ही संख्या इतकी लहान आहे की तिच्यावरून पट्टा निरुपयोगी ठरवता येत नाही, पण शिस्तीने दिलेली विश्रांती किती काम करते हे मात्र त्यात लख्ख दिसते. १९९४ मध्ये चकत्यांच्या उपकरणाची अशीच परीक्षा एकवीस रुग्णांवर झाली. तिथे खऱ्या उपकरणाच्या दहापैकी सहा जणांचे हाड जुळले आणि खोट्याच्या अकरापैकी एकाचेही नाही. मग २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात नुकत्याच मोडलेल्या नडगीच्या २५९ रुग्णांवर पट्ट्याचा मोठा प्रयोग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. २०१६ मध्ये अशा पंधरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एक्स-रेवर हाड न जुळलेले राहण्याचा धोका विजेच्या उपकरणांनी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला आणि दुखणेही थोडे घटले, परंतु रुग्ण अधिक चांगला चालू-फिरू लागला असे मात्र सिद्ध झाले नाही.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा पुरावा, म्हणजे खास बसवलेल्या हाडाचा, मणक्यांच्या शस्त्रक्रियांतून येतो. मानेच्या मणक्यांत हाडपेढीतले, म्हणजे दुसऱ्या माणसाचे जपून ठेवलेले हाड आणि प्लेट बसवलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा एकाहून अधिक जागी शस्त्रक्रिया झालेल्या ३२३ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पट्टा वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के आणि न वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोकांचे हाड जुळलेले होते; वर्षाच्या शेवटी मात्र न वापरणारे बरेचसे मागून येऊन पोचले आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मला या अभ्यासातून असे दिसते की पट्टा वेळ वाचवू शकतो, विशेषतः ज्यांची जुळण्याची शक्ती काही कारणाने मंदावली आहे त्यांचा. आणि हे मानेच्या मणक्याचे आहे, नडगीचे नाही, हे लक्षात ठेवूनच मी ते म्हणतो.

म्हणून माझे मत असे. आज, सातव्या आठवड्यात, पट्टा आणण्याची घाई करू नका. जखमेचा निकाल लागू द्या. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांचा एक्स-रे आधीच्या एक्स-रेशेजारी ठेवून तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: प्लेट आणि स्क्रू घट्ट आहेत का, की हाडाची टोके अजून हलतात, मधली फट हाडाच्या निम्म्या जाडीपेक्षा मोठी तर नाही ना, आणि मागच्या वेळेपेक्षा हाड पुढे सरकले आहे का. टोके हलत असतील किंवा फट मोठी असेल, तर पट्ट्यावरचा खर्च वाया जाईल, कारण ज्या फटीत पेशीच पोचत नाहीत, तिथे विजेचा संकेत घेणारे कोणी नसते. तिथे पुन्हा शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. हाड घट्ट धरलेले आहे, फट भरलेली आहे, जंतू नाहीत, फक्त गती मंद आहे, असे उत्तर आले, तर मी स्वतः माझ्या भावासाठीही पट्टा भाड्याने आणला असता. त्याचे दुष्परिणाम नगण्य आहेत आणि एकदा शस्त्रक्रिया करूनही न जुळलेल्या नडगीला जी मदत मिळेल ती घ्यावी.

मात्र आणला तर वापरावा लागतो, आणि हे लोकांना वाटते त्याहून फार अवघड असते. महूचे एक गृहस्थ मला आठवतात. त्यांना रोज आठ तास कॉईल बांधायला सांगितली होती आणि दोन महिन्यांनी ते अगदी मनापासून म्हणाले की एक दिवसही चुकला नाही. उपकरणात तासांची नोंद होते, ती पाहिली तर सरासरी रोज दोन तासही भरत नव्हते. ते खोटे बोलत नव्हते. रात्री झोपताना कॉईल बांधत, झोपेत ती घोट्याकडे घसरे, मध्यरात्री टोचायला लागली की ते बटण बंद करीत आणि सकाळी त्यांना ते आठवत नसे. त्यांच्या पत्नीने मग जुन्या सुती पायजम्याची उजवी तंगडी गुडघ्याखाली उसवली, तिथे दोन नाड्या शिवल्या आणि कॉईलच्या मध्याची जागा डॉक्टरांकडून कातडीवर पेनने आखून घेतली. खूण पुसली की त्या ती पुन्हा गिरवीत. पुढच्या महिन्याची नोंद सात तासांच्या वर गेली. त्यांचे हाड चार महिन्यांनी जुळले. ते पट्ट्यामुळे जुळले, वेळेमुळे जुळले, की दोन्हींमुळे, हे मी सांगू शकत नाही, पण त्या नाड्यांशिवाय पट्ट्याला श्रेय मागण्याचा अधिकारच मिळाला नसता. तेव्हा भाड्याने घेताना तासांची नोंद ठेवणारेच उपकरण घ्या, ते तुमच्या डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवर घ्या, रोज किती तास आणि किती महिने हे त्या चिठ्ठीवर लिहून मागा, आणि ते वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली नोंदलेले आहे का, याचा कागद विक्रेत्याकडे बघायला मागा. कागद दाखवायला जो कां-कूं करील, त्याच्याकडून घेऊ नका. तीन महिने वापरूनही एक्स-रेत काहीच हालचाल नसेल तर भाडे वाढवत बसू नका.

फिजिओथेरपिस्टांचे करंटचे मशीन वेगळ्या कामाचे आहे. टेन्स किंवा आयएफटी या नावांनी जे प्रवाह देतात, ते मज्जातंतूंवर काम करून दुखणे कमी करतात किंवा स्नायू आकुंचित करतात. त्यांची वारंवारता, ठोक्याचा आकार आणि वेळ हाडासाठी बेतलेली नसते आणि दिवसाला वीस मिनिटांत हाडाचे काम होत नाही. त्या बंधूंच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि गुडघा व घोटा मोकळा ठेवण्यासाठी, मांडीचे स्नायू परत आणण्यासाठी तुम्हाला त्यांची गरज लागणारच आहे. ते काम त्यांच्याकडून जरूर करून घ्या. नणंदबाईंच्या गादीतला चुंबक मात्र स्थिर असतो. त्याचे क्षेत्र बदलत नाही, म्हणून त्याच्यामुळे हाडात वीज निर्माण होत नाही. प्रेमाने पाठवताहेत तर गादी झोपायला वापरा. पण हाडासाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका, आणि ती सासूबाईंच्या पलंगावर मुळीच घालू नका.

प्लेटची भीती मनातून काढून टाका. पट्ट्याचे क्षेत्र एमआरआयच्या क्षेत्राच्या साधारण हजारव्या हिश्श्याच्या घरात असते. त्याने टायटॅनियमची किंवा शस्त्रक्रियेच्या पोलादाची प्लेट ओढलीही जात नाही आणि तापतही नाही. वर सांगितलेल्या मानेच्या अभ्यासातल्या रुग्णांनाही प्लेटा बसवलेल्याच होत्या. पेसमेकरचा प्रश्न मात्र तुम्ही योग्य विचारलात. ज्याला स्वतःला पेसमेकर आहे त्याने पट्टा वापरू नये, असे उत्पादक सांगतात. सासूबाई पट्टा वापरणार नाहीत, आणि कॉईलचे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने विरते, तरीसुद्धा त्यांनी त्या पायापाशी टेकून बसू नये, रात्री त्यांची झोपण्याची खोली वेगळी असावी, आणि पट्टा घरात आणण्यापूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एक फोन करून विचारून घ्यावे. नातवंडे खेळता खेळता कॉईल उचलून आजीच्या मांडीवर ठेवणार नाहीत, एवढे पाहा.

आणि आता सिगारेट. ‘कमी झाली आहे, चार-पाच’ असे तुम्ही लिहिलेत, जणू ती चांगली बातमी आहे. ताई, मी तुम्हाला अतिशय कळकळीने सांगतो, ती चांगली बातमी नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि तुमच्या यजमानांच्या नडगीत या क्षणी जे काही व्हायचे आहे ते सगळे त्याच बारीक रक्तवाहिन्या त्या मखरात शिरण्यावर अवलंबून आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताही घटते. धूम्रपान करणाऱ्यांची मोडलेली नडगी उशिरा जुळते, कधी जुळतच नाही, हे वारंवार दिसून आलेले आहे. कॉईल पेशींना हाड घडवायला सांगणार आणि सिगारेट त्या पेशींपर्यंत रक्त पोचू देणार नाही. त्या दोघांत कॉईल हरेल. एकीकडे हजारो रुपयांचा पट्टा आणि दुसरीकडे फुकटात सुटणारी सिगारेट यांतून एकच निवडायचे झाले, तर मी एक क्षणही विचार न करता सिगारेट सोडणे निवडीन. तिच्या बदल्यात तंबाखू किंवा गुटखा मात्र चालणार नाही, निकोटिन त्यातही आहे. त्यांना एकट्याने जमत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा, मदतीचे मार्ग आहेत. आणि ‘मी सोडली’ म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर एखादी होत असेल तर रागावू नका, पण विचारत राहा. जवळजवळ वर्षभर घरी बसलेल्या माणसाचा वेळ कसा जातो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

याच भेटीत साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दोन्हींतली गडबड हाड जुळणे लांबवते आणि दोन्हींवर उपाय आहेत. दुखण्याच्या गोळ्या रोज चालू असतील तर कोणत्या, ते डॉक्टरांना दाखवा. डाळ, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, पोटभर द्या. आणि पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढाच, पण तेवढा मात्र नक्की द्यायला लावा. काळजीपोटी आपल्याकडे माणसाला पाय टेकूच देत नाहीत. परवानगी मिळाल्यावर कुबड्यांच्या आधाराने टाकलेले प्रत्येक पाऊल हाडाला तोच विजेचा संकेत देते, ज्यासाठी आपण भाड्याने यंत्र शोधत आहोत.

जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या, दोन्ही शस्त्रक्रियांचे कागद न्या, आणि ओल येते त्या जागेचा फोटो मोबाईलवर रोज एकाच वेळी काढून ठेवा, म्हणजे भेटीच्या दिवशी ती नेमकी कोरडी असली तरी डॉक्टरांना ती दिसेल. कमरेला जिथून हाड काढले त्या बाजूच्या मांडीवर बधिरपणा किंवा झिणझिण्या येत असतील तर तेही सांगा. तिथल्या कातडीची एक नस त्या काठाजवळून जाते आणि बऱ्याचदा काही महिन्यांत ती आपोआप शांत होते. सीआरपीचा आकडा आला की मला पुन्हा लिहा. पट्ट्याचे पुढचे उत्तर त्या आकड्यावर अवलंबून आहे.